मागच्या भिंतीपलीकडची फुलं

डासांसाठी धुराची फवारणी संध्याकाळी आहे, हे सोसायटीच्या ग्रुपवर वाचलं आणि तनुजाचा चहा तसाच राहिला. कोथरूडच्या त्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे, टेकडीच्या उतारावर, तिने शोधलेली फुलं यंदा पुन्हा उमलली होती. शास्त्राला नवी असलेली ही प्रजाती अजून दुसरीकडे कुठे सापडली नव्हती. फुलाची नळी इतकी लांब आणि अरुंद, की तळाच्या मधापर्यंत एकाच जातीच्या माशीची सोंड पोचायची. ती आली तरच बी धरायचं. धुराने डासांबरोबर तीही मेली असती.

ती सेक्रेटरी श्यामसुंदरकाकांकडे गेली.

"काका, मागच्या भिंतीकडे धूर नको."

"का? डासांनी मेंबरशिप घेतलीय?"

"तिथे एक माशी येते."

"अस्सं. म्हणजे आता माश्या पाळायच्या."

तनुजा घुटमळली. नव्या वनस्पतीची नेमकी जागा सांगायची नाही, हा तिच्या क्षेत्रातला शिरस्ता. शोधनिबंधातही तिने 'पुणे परिसर' एवढंच लिहिलं होतं. पण संध्याकाळ थांबणार नव्हती. तिने सगळं सांगून टाकलं.

"बरं," काका म्हणाले. "घेऊ काळजी."

मागच्या बाजूला धूर झाला नाही. तिला हायसं वाटलं, ते जेवणापर्यंतच टिकलं. काकांनी ग्रुपवर सूचना टाकली होती: 'मागील भिंतीपलीकडे अतिदुर्मिळ फुले आली आहेत. कृपया कोणीही तिकडे जाऊ नये.'

उजाडताच ती धावली. गवत तुडवलेलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या नम्रताकाकू पिशवी घेऊन परतत होत्या. सकाळी फिरताना दिसेल ते फूल पूजेला तोडायचं, हा त्यांचा परिपाठ.

"काकू, इथली पांढरी फुलं?"

"घेतली की. एवढी दुर्मिळ, म्हटलं देवाला नकोत का? कळ्यांना मात्र हात लावला नाही हं."

कळ्या दोनच होत्या, दोन्ही घट्ट मिटलेल्या. तनुजा शेजारी बसून राहिली. ऊन चढलं तशी माशी आली. रिकाम्या देठांपाशी तरंगली, एका कळीला सोंड लावून पाहिली, पुन्हा देठांकडे वळली. उद्या ती येईल का, हे कोण सांगणार?

भिंतीपाशी बोलणं ऐकू आलं. मोबाइल हातात धरून दोघेजण चढत होते. तनुजा उठून कळ्यांच्या पुढे उभी राहिली.

"इकडे येऊ नका," ती म्हणाली. "साप निघालाय."