रेघेच्या आतली हवा

"तोंड कुठे गेलं यांचं?" बायकोने विचारलं. मला नाही, सिस्टरला.

तोंड जागेवरच होतं, पण सुजून एवढं झालं होतं की डोळे पार मिटले होते. आदल्या दिवशी मी शिडीवरून पडलो. तीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या, तिसऱ्या मजल्याला दोरीवर लटकलो, कधी खरचटलं नाही. आणि पडलो तो शिडीच्या चौथ्या पायरीवरून, तोही लोखंडी स्टुलाच्या कडेवर. सांगायलासुद्धा लाज वाटते. दोन बरगड्या मोडल्या आणि फुफ्फुसाला भोक पडलं. छातीत साठलेली हवा काढायला डॉक्टरांनी बरगड्यांमधून एक नळी घातली आणि तिचं दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीत, पाण्यात सोडलं. मी श्वास सोडला की बाटलीत बुडबुडे यायचे.

त्या सकाळी मला एक्स-रेला नेऊन आणलं आणि बुडबुडे थांबले. बायको शेजारच्या पेशंटच्या बायकोला म्हणाली, "थांबले बघा. भोक बुजलं वाटतं." मलाही तेच वाटलं. मग गळा फुगला, मग गाल, मग डोळे गेले.

"औषधाची रिॲक्शन दिसतेय," तरुण डॉक्टर म्हणाला. "इंजेक्शन भरा, सिस्टर."

मी गळ्याला हात लावला. बोटांखाली बारीक कुरकुर लागली आणि ती माझ्या ओळखीची होती. जुन्या भिंतीवर रंग फुगतो तेव्हा लांबून काही कळत नाही, बोटाने दाबलं की आतली हवा कुरकुरते.

"रंगाखाली हवा धरलीय," मी म्हणालो. आवाज असा चिरका निघाला की माझा मलाच ओळखू येईना.

"बडबडायला लागले," डॉक्टर म्हणाला.

पण सिस्टरने माझ्या गळ्यावर दोन बोटं टेकवली. मग खांद्यावर, मग छातीवर. "बडबडत नाहीयेत ते, डॉक्टर. हात लावून बघा. कातडीखाली हवा आहे." असं म्हणून ती पलंगाखाली वाकली. "आणि हा चिमटा कुणी ठेवला नळीला?"

एक्स-रेला नेताना बाटली वर उचलली तर पाणी उलटं छातीत जाईल, म्हणून नळीला चिमटा लावला होता. परत आणल्यावर तो काढायचा राहून गेला. हवेची वाट बंद झाली, म्हणून ती मिळेल तिकडे, कातडीखाली शिरत सुटली. सिस्टरने चिमटा काढला. बाटली अशी खळखळली की सगळा वॉर्ड बघायला लागला असणार. मला श्वास घेता आला. डॉक्टरने माझा हात धरून सांगितलं, "चुकलं आमचं, काका." पोरगा चांगला होता.

नाकाला ऑक्सिजन लावला. कातडीखालची हवा आपली आपण जिरेल, म्हणाले, फक्त वाढत नाही ना ते बघायचं. कुरकुर जिथे संपत होती तिथे सिस्टरने पेनाने छातीवरून रेघ ओढली आणि पेन बायकोच्या हातात दिलं.

"बाई, तीस पेशंट आहेत आणि आम्ही दोघी. दर तासाला तुम्ही दाबून बघायचं. रेघेच्या बाहेर कुरकुर लागली तर मला हाक मारायची."

पर्सची चेन वाजली, बायकोने पेन आत टाकलं; हात काही पुढे आला नाही. का ते सिस्टरला कसं कळणार?

आठ वर्षांपूर्वी आमच्या लेकीने मनाने लग्न केलं. जावयासोबत दारात आली तेव्हा मी दार लावून घेतलं. बायको मागून म्हणत होती, "अहो, उघडा. अहो." ते तिचं शेवटचं 'अहो'. त्या दिवसापासून तिने माझं जेवणखाण चुकवलं नाही, कपडे धुतले, ताप आला तर गोळ्या आणून ठेवल्या. पण हात लावला नाही. चहाचा कपसुद्धा हातात देत नाही, स्टुलावर ठेवते आणि भिंतीकडे बघून म्हणते, "चहा ठेवलाय." मीही हट्टी. दार लावणं चुकलं हे मला आठवड्यातच कळलं होतं, पण तोंडातून निघालं नाही. एकाच घरात राहून मला तिची आठवण यायची. हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

तर त्या दुपारी, बराच वेळ गेल्यावर, माझ्या गळ्याशी चार बोटं टेकली. खरखरीत, भांड्याच्या साबणाचा वास असलेली. डोळे मिटलेले होते ते बरं झालं.

दर तासाला ती यायची. गळा, खांदा, छाती, रेघेपर्यंत. पहिल्या दिवशी घाबरत दाबायची, दुसऱ्या दिवशी सराईत झाली. "इथली गेली," स्वतःशीच म्हणायची. सिस्टर तिला चिडवायची, "आता नोकरीलाच लागा आमच्याकडे." मी श्वास धरून तासाची वाट बघायचो. तिसऱ्या दिवशी डोळे उघडले. तरी ती यायच्या वेळी मी ते मिटून घ्यायचो.

हवा मात्र जिरत चालली. सगळे खूश होते. मीच तेवढा रोज थोडा थोडा गरीब होत होतो. पाचव्या दिवशी तिने सगळीकडे दाबलं आणि म्हणाली, "काही नाही." नळी निघाली. सिस्टरने स्पिरिटच्या बोळ्याने रेघ पुसली.

घरी आलो. चहा स्टुलावर. "चहा ठेवलाय."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या सकाळी ती कप ठेवून वळली आणि मी म्हणालो, "इथे अजून कुरकुर लागतेय." गळ्याखालच्या हाडाकडे बोट दाखवलं. तिथे काही नव्हतं. मी रात्रीच दाबून पाहिलं होतं.

ती थांबली. ओले हात टॉवेलला पुसले आणि जवळ येऊन चार बोटं टेकवली. दाबलं. अजून दाबलं. शेजारी कुणीतरी नळ सोडला, बंद केला, तरी तिची बोटं तिथेच. आता खोटं पकडलं जाणार म्हणून मी जमिनीकडे बघत बसलो. पाच दिवसांत ती या कामात माझ्याहून तयार झाली होती.

"आहे थोडी," ती म्हणाली.

आत जाऊन तिने पर्स आणली. सिस्टरचं पेन परत द्यायचं राहून गेलं होतं. वाकून तिने माझ्या हाडाभोवती, जिथे काहीच नव्हतं तिथे, नीट गोल रेघ ओढली.

"संध्याकाळी परत बघते, अहो."

संध्याकाळी लेकीचा विषय काढायचा, असं मी ठरवलं. त्या दिवशी मी अंघोळ केली नाही.