उतारावरचा दुसरा गियर

सासूबाईंच्या डोळ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो जागेवर बसवला आणि आठवडाभर मान खाली घालून राहायला सांगितलं. जेवताना, बोलताना, झोपताना चेहरा जमिनीकडेच. ज्या बाईनं आयुष्यात कुणापुढे मान खाली घातली नाही, तिला ही शिक्षा! दुसऱ्या डोळ्याची नजर आधीच अधू, त्यामुळे हा डोळा गेला तर सगळंच गेलं, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून कुणीच ते बोलत नव्हतं.

दवाखान्यातून घरी येताना टॅक्सीवाल्यानं असा काही ब्रेक मारला की सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. डोळ्याला काही झालं नाही, नशीब. पण घरात शिरल्या शिरल्या त्यांनी फर्मान काढलं.

"तपासणीला मी आपल्या गाडीनंच जाणार. परक्याच्या पायावर माझा डोळा सोपवणार नाही."

"पण आई, चालवणार कोण?" मी विचारलं.

"तू. आणखी कोण आहे घरात?"

प्रश्न बरोबर होता. सासूबाईंनी उभी हयात शाळेची व्हॅन चालवली आणि घरची गाडीही त्याच चालवायच्या, कारण त्यांच्या चिरंजीवांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गाडीत नुसतं बसलं तरी मळमळतं. मला गाडी येत होती, पण ऑफिसची, गियर आपोआप बदलणारी. क्लच हे तिसरं पेडल मला न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं वाटायचं. दोन पाय असताना तीन पेडलं द्यायची, हा हिशेबच मला पटत नव्हता.

त्याच संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. सासूबाई वर पलंगावर पालथ्या, कपाळ उशीवर, कानाशी फोन. मी खाली गल्लीत, माझा फोन स्पीकरवर. मागच्या सीटवर आईच्या जागी नवरा. त्याला मळमळलं की मी नापास, इतकी सोपी परीक्षा.

गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली.

"क्लच सोडलास की फेकलास?" फोनमधून आवाज आला. "पोरगी तान्ही होती तेव्हा तिला झोपवून दार लावायचीस ना? तेव्हा दाराची मूठ कशी सोडायचीस?"

"हळूच."

"मग? मध्यावर गाडी थरथरेल. तिथे पाय थांबव. तिनं ओढ घेतली की बाकीचा सोड."

गाडी हलली. एकदा हलली, तशी पुढेही हलत राहिली. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणं दोन संध्याकाळींत जमलं. अडलं ते परत खाली येताना. तिसऱ्यातून दुसरा टाकला की गाडी असा हिसका द्यायची की मागून नवरा "थांब, थांब" म्हणत दार उघडायचा आणि कुंपणाशी वाकून उभा राहायचा. दवाखाना टेकडीच्या पलीकडे, रस्ता उताराचा, आणि उताराच्या तळाशी सिग्नल. दुसरा गियर टाळून तिथे पोचणं शक्य नव्हतं.

मग मी माझ्या मते फार हुशारीची युक्ती काढली. गल्लीच्या उतारावर क्लच दाबूनच ठेवला. गाडी लोण्यासारखी खाली आली, नवऱ्याचा चेहराही प्रसन्न. माझी कॉलर ताठ झाली होती, तेवढ्यात फोन कडाडला.

"इंजिन गप्प का झालं? क्लच दाबून गाडी मोकळी सोडलीस ना?"

सासूबाईंचे कान भलतेच तिखट.

"अगं, उतारावर मोकळी सोडलेली गाडी कुणाचीच नसते. हिसका नको म्हणून लगामच टाकून देशील? नीट ऐक. आधी ब्रेकनं वेग उतरव. मग क्लच पूर्ण दाब, दुसरा टाक, आणि अ‍ॅक्सिलरेटरला जरासा पाय लाव. इंजिनाचा आवाज थोडा चढू दे. मगच क्लच सोड. चाकं पळत असतात आणि इंजिन पेंगत असतं, म्हणून हिसका बसतो. त्याला जागं कर आणि मग जोडून दे."

उरलेल्या सगळ्या संध्याकाळी मी तेवढं एकच करत राहिले. गल्लीतले लोक खिडकीत येऊन बघायचे. नवऱ्यानं रात्रीचं जेवण सोडून दिलं होतं. शेवटच्या दिवशी तो मागून म्हणाला, "आज भूक लागलीय गं," तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू!

तपासणीच्या दिवशी सासूबाई मागे बसल्या, पट्टा लावून, मांडीवरच्या उशीत तोंड घालून. बाजूला नवरा, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "आज मी तोंड उघडणार नाही. उघडलं तर तू माझं ऐकशील. तू गाडीचं ऐक."

टेकडी चढलो. उतार लागला. पुढचा ट्रक एकाएकी हळू झाला. डावा पाय नुसता क्लच दाबून ठेवायला शिवशिवत होता. तसं केलं असतं तर हिसका बसला नसता, पण मग गाडी थोपवायला ब्रेकच उरला असता, तोही जोराचा. मी ब्रेकनं वेग उतरवला. क्लच, दुसरा, जरासा अ‍ॅक्सिलरेटर. इंजिनाचा आवाज चढला. श्वास रोखून मी पाय सोडत गेले.

काहीच झालं नाही. गाडी आपली इंजिनाच्या जोरावर शहाण्यासारखी सावकाश उतरत राहिली.

मागून चकार शब्द नाही. लागलं तर नाही? बोलणार नाही म्हटल्यावर ही बाई दुखलं तरी बोलायची नाही! वळून बघणं शक्य नव्हतं. सिग्नलला गाडी थांबली तशी मी घाबरत विचारलं, "आई बऱ्या आहेत ना?"

"हळू बोल," नवरा कुजबुजला. "झोपलीय. मघाशी ट्रक आला ना, त्याच्याही आधीपासून."

इतक्या दिवसांत त्यांना धड झोप नव्हती. हिरवा दिवा लागला, मागच्यानं हॉर्न दिला, आणि मी त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडून अलगद निघाले.

डॉक्टरांनी यंत्रातून बघायला भलताच वेळ लावला. मग खुर्ची मागे सरकवत ते म्हणाले, "पडदा छान चिकटलाय. आता मान वर करायला हरकत नाही." सासूबाईंनी मान वर केली. मला रडूच कोसळलं. नवरा आईचा हात सोडेना. त्या मात्र आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाल्या, "किती वाळलात रे दोघं!"

बाहेर आल्यावर त्या सवयीनं चालकाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, मग स्वतःशीच हसल्या आणि वळसा घालून माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. ऑपरेशनच्या डोळ्याला अजून धूसरच दिसत होतं. तरी त्यांनी काच पूर्ण खाली केली.

"आई, माझं कुठे चुकलं तर सांगा हं," मी म्हटलं.

"माझं नाही लक्ष तुझ्याकडे," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "जन्मभर नुसता समोरचा रस्ता बघितला. आज मला जरा बाजूचं बघू दे."