पंधरा दिवसांची रजा

१९८६ च्या मे महिन्यात, माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांना जामसांवलीला नेऊन बसवावे की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे आला आणि मी त्याचे उत्तर पाच मिनिटांत दिले. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने इतक्या अपुऱ्या निरीक्षणांवर निष्कर्ष काढू नये. मी काढला.

बहीण उर्मिला सौसरला दिलेली. यजमान सुधाकरराव विहिरींवरच्या जळलेल्या मोटरी पुन्हा भरून देत. जळकी तार उपसायची, नव्या तारेची वेटोळी साच्यावर गुंडाळायची, ती खाचांत बसवायची, वॉर्निश देऊन सुकवायचे. हे काम नागपूरच्या एका कारखान्यात सात वर्षे करून ते १९८१ साली घरी परतले आणि ओसरीतच स्वतंत्र धंदा मांडला. "आता कोणाची हाजिरी नाही," असे ते तेव्हा म्हणाले होते. मी त्यांचे अभिनंदन केले होते. वर साहेब नसला की 'आज पुरे' म्हणणाराही कोणी उरत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही.

उन्हाळ्यात आमच्या भागात विजेचा दाब उतरतो. दाब उतरला की मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि जळते. नेमक्या त्याच दिवसांत संत्र्याच्या झाडांवर आंबिया बहाराचे फळ असते आणि त्याला पाणी लागते. एक मोटर नीट भरायला एका माणसाला दहा तास लागतात. त्या मे महिन्यात सुधाकररावांच्या अंगणात एका वेळी सात-सात मोटरी पडून असत.

सुटी लागल्यावर मी पांढुर्ण्याहून सौसरला गेलो, तेव्हा ते हाताने फिरवायच्या यंत्रावर वेटोळे गुंडाळत होते. मी नमस्कार केला. त्यांनी उत्तर म्हणून फक्त डाव्या हाताचे बोट वर केले. ओठ हलत होते. मिनिटभराने ते म्हणाले, "बावन्न. आता बोला, भाऊ."

"कसे आहात?"

"एकावन्न तर नाही झाले?" त्यांनी विचारले. प्रश्न मला नव्हता. त्यांनी वेटोळे साच्यावरून काढले, बोटांनी एकेक फेरा मोजला, बावन्न भरले, तरी तार उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

त्या आकाराच्या मोटरीत अठरा वेटोळी, प्रत्येकी बावन्न फेरे. म्हणजे एकूण नऊशे छत्तीस. उर्मिलेने सांगितले की जेवताना ते घास मोजतात आणि झोप तीन तासांच्या वर जात नाही. गेल्या महिन्यापासून भरलेले प्रत्येक वेटोळे ते एकदा तरी सोडतात.

त्यांच्या आई पंचफुलाबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, त्याले पंधरा दिवस जामसांवलीले बसवावं म्हणून राहिली मी."

जामसांवलीचे हनुमान मंदिर सौसरहून जवळच आहे. ज्यांचे डोके ठिकाणावर नाही, ज्यांना बाहेरची बाधा झाली असे घरचे मानतात, त्यांना तिथे आणून बसवतात. काही जण आठ दिवस राहतात, काही महिना.

"त्यांना बाधा झालेली नाही," मी म्हणालो. "झोप होत नाही म्हणून डोके चालत नाही."

"होय ना. मी तरी काय म्हणून राहिली?"

"मग देवाचा काय संबंध?"

त्यांनी उर्मिलेकडे पाहिले. मग मेथीची परडी उचलून त्या आत गेल्या.

मी सुधाकररावांनाच विचारले. ते म्हणाले, "तुम्ही काय म्हणता, भाऊ?"

"तुम्ही कारागीर माणूस. विजेचे नियम तुम्हाला माझ्यापेक्षा हाताने अधिक ठाऊक. तुम्ही अंगात येणाऱ्यांच्या रांगेत बसणार?"

त्यांचा चेहरा लाल झाला. "नाही जी. मी कायले बसू तिथं."

असा तो विषय संपला. माझ्याकडे त्याहून चांगली योजना होती. दिवसाला एकच मोटर घ्यायची. रविवारी काम बंद. तशी पाटी मी स्वतः रंगवून दाराला लावली. शिवाय नागपूरला जाऊन फेरे मोजणारे एक लहान यंत्र आणले आणि त्यांच्या यंत्राच्या दांड्याला जोडून दिले. तोंडाने मोजायचा ताणच नको.

पहिल्याच रविवारी लोधीखेड्याचे भिवाजी बैलबंडीत मोटर घालून आले. साठीचे, उंच, संत्र्याची पाचशे झाडे बाळगून असलेले शेतकरी. त्यांनी पाटी सावकाश वाचली.

"मास्तर, पाटी तुमची दिसते. अक्षर चांगलं हाय. झाडाले वाचून दाखवू काय?"

"एका दिवसाने काय होते?"

"तुमच्या शाळेत काही होत नसंल जी. फळ चार दिवस वाट पाहते, पाचव्या दिवशी खाली येते. तीन दिवस तर झाले."

आतून सुधाकररावांचा आवाज आला, "आणा जी, आणा."

मोटर आत गेली. मी संतापून विचारले, "नाही म्हणता येत नाही तुम्हाला?"

"कसं म्हणू, भाऊ? मी तर समोर बसलो हाय. घरात बसलेला माणूस नाही म्हणते, तर लोकं म्हणतात माजला."

हे वाक्य मी ऐकले. त्यातच सगळे उत्तर होते आणि मी ते अडचण म्हणून नोंदवून ठेवले.

मोजणीच्या यंत्राने परिस्थिती बिघडवली. सुधाकरराव तोंडाने मोजायचे थांबले नाहीत. ते मोजत आणि यंत्रही मोजे. दोन्ही आकडे जुळले तर त्यांना यंत्राचा संशय येई, न जुळले तर स्वतःचा. दोन मापांत फरक पडला की कोणते खरे हे ठरवायला तिसरे लागते, हे मी वर्गात शिकवतो. तिसरे माप म्हणजे तार सोडून पुन्हा मोजणे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा सौसरला होतो. भिवाजींची मोटर अजून भरलेली नव्हती आणि ते चौथ्यांदा आले होते. सकाळी सातपासून दुपारी बारापर्यंत सुधाकररावांनी एकच वेटोळे नऊ वेळा गुंडाळले आणि नऊ वेळा सोडले. ही संख्या मी शेजारी बसून मोजली. सारख्या घासण्याने तारेवरचा वीज अडवणारा लेप निघाला होता. ती तार आता मोटरीत घातली असती तर पहिल्याच दिवशी जळाली असती. हे त्यांना माहीत होते. तरी ते दहाव्यांदा गुंडाळत होते.

भिवाजी बराच वेळ पाहत उभे राहिले. मग सुधाकररावांना हळू म्हणाले, "राहू द्या, भाऊ. मी नागपूरले नेतो."

सुधाकररावांनी बोट वर केले. ओठ हलत राहिले.

"फळ तर बरंच गेलं हाय," भिवाजी मला म्हणाले. "त्याइले काही सांगू नका." त्यांनी गड्याला हाक मारली आणि मोटर बंडीत चढवली. उर्मिलेने सुधाकररावांचा हात दांड्यावरून सोडवला. मनगट आणखी काही वेळ हवेत फिरत होते.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आणि पूर्ण विश्रांती सांगितली. उपाय बरोबर होता. पण लोक येतच राहिले. "झोपले हायेत काय? असू द्या, उठल्यावर पाहतील," असे म्हणून मोटरी अंगणात ठेवून जात. सुधाकरराव उठत, खिडकीतून अंगणाकडे पाहत आणि परत पडत. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी बोलणे बंद केले.

तेव्हा पंचफुलाबाई मला म्हणाल्या, "भूत नाही हे मलेही समजते, मास्तर. मी काय येडी हाय? पण घरी निजलेल्या माणसाले लोकं सोडत नाहीत. जामसांवलीले बसला म्हटलं की कोणी मोटर घेऊन येत नाही. देवाजवळून माणूस उठवत नाही कोणी. मले त्याची सुट्टी काढाची होती."

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितले?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही तर सांगून राहिले होते."

देवस्थानाविषयीचे माझे मत तेव्हाही बदलले नव्हते, आजही बदललेले नाही. बाधा झालेल्यांवर तिथे जे उपचार होतात त्याने मज्जातंतूंचा कोणताही विकार बरा होतो, असा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. पण पंचफुलाबाईंनी उपचार मागितलाच नव्हता. आमच्या तालुक्यात स्वतःच्या जिवावर काम करणाऱ्या माणसाला रजा देणारी ती एकच कचेरी होती, आणि तिचा दरवाजा मी तत्त्वासाठी बंद केला होता. तोही सुधाकररावांना लाज वाटेल अशा शब्दांत.

जुलैत मीच त्यांना जामसांवलीला घेऊन गेलो. पंचफुलाबाई, उर्मिला आणि मी आळीपाळीने सोबत राहिलो. पहिल्या शनिवारी दर्शनाला आलेल्यांत मोहगावचे, लोधीखेड्याचे ओळखीचे शेतकरी होते. त्यांनी सुधाकररावांना ओळखले, हात जोडले आणि पुढे गेले. मोटरीचा शब्द कोणी काढला नाही. एकाने तर आपल्याबरोबरच्या माणसाला दंडाला धरून बाजूला नेले. पंचफुलाबाईंचा अंदाज तंतोतंत खरा ठरला.

मात्र तेव्हा पाऊस पडत होता. पावसाळ्यात विहिरींवरच्या मोटरी बंद असतात. तसेही कोणी आले नसते.

पंधरा दिवस सुधाकरराव भिंतीला टेकून बसले. वेळेवर जेवले, रात्री झोपले. सोळाव्या दिवशी घरी आल्यावर ते बोलू लागले: पाणी द्या, दार लावा, आज कोणता वार. ओसरीवर मात्र ते जात नसत. उर्मिला शेजारच्या मुलींना शिवण शिकवू लागली होती. सगळ्यांनी ठरवले होते की दिवाळीपर्यंत काही विचारायचे नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी मी तिथे असताना मोहगावचा गुणवंता मोटर घेऊन आला. त्याला गेल्या उन्हाळ्यातले काही माहीत नसावे. उर्मिला त्याला परत पाठवणार, तोच सुधाकरराव आतून उठून आले. यंत्रावरचे पोते आणि दांड्याला जोडलेले माझे मोजणीचे यंत्र त्यांनी काढले, साचा बसवला, तार लावली. उर्मिला दाराची चौकट धरून उभी होती.

"भाऊ, तुम्ही मोजा," ते मला म्हणाले. "मोठ्यानं."

मी मोजू लागलो. ते सावकाश फिरवत होते. सातव्या फेऱ्याला ते थांबले.

"सातच?"

"सात," मी म्हणालो.

"पाहून सांगून राहिले, की मोजून?"

मी तारेकडे पाहिले. सात होते. हे सांगायला मला एक क्षण अधिक लागला आणि तो त्यांनी पाहिला. त्यांनी दांडा सोडला, तार उलगडून रिळावर परत घेतली. चेहऱ्यावर राग नव्हता.

गुणवंता म्हणाला, "मग कोणाकडं नेऊ जी?"

सुधाकररावांनी उर्मिलेकडून कागद मागून घेतला आणि नागपूरच्या त्या जुन्या कारखान्याचा रस्ता काढून दिला. बसस्टँडवरून कुठे वळायचे, रेल्वेचे फाटक कितवे, गल्लीच्या तोंडाशी कोणते दुकान, कोणत्या मिस्त्रीला विचारायचे. रेषा सरळ होत्या, अक्षर स्वच्छ. गुणवंताने कागद वाचून दाखवला. एका ठिकाणी तो चुकला, तेव्हा त्यांनी त्याला दुरुस्त केले. मग ते मोटर उचलू लागले. मी दुसरी बाजू धरली आणि आम्ही ती बंडीत ठेवली.