रिळखात्याची साक्ष

निंगव्वाचा उजवा हात मनगटापासून गेला, तो दिवस गिरणीत कामाच्या घाईचा होता. सोलापूरच्या त्या गिरणीच्या रिळखात्यात सगळ्या बायकाच. कांड्यांवरचं सूत रिळावर गुंडाळून त्याच्या लडी करायच्या, तुटला धागा की चालत्या यंत्रावरच सांधायचा. निंगव्वाच्या यंत्राच्या दातेरी चाकांवर लोखंडी झाकण असायला हवं होतं. ते मोडून कित्येक महिने झाले होते. धागा सांधायला ती वाकली, पदर चाकात गेला, आणि तो ओढायला गेलेला हातही गेला. खात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी नायकीण केराबाई धावली, तिनं यंत्र फिरवणारा पट्टा उतरवला, म्हणून जीव तरी वाचला.

दवाखान्यात निंगव्वा तापात असताना गिरणीचा कारकून आला. औषधपाण्याला म्हणून थोडे पैसे त्यानं उशाशी ठेवले आणि तिच्या डाव्या हाताचा अंगठा कागदावर उठवून घेतला. चूक माझी होती, गिरणीकडे माझं काही मागणं नाही, असं त्यात लिहिलं होतं. हे तिला ताप उतरल्यावर कळलं.

घरात ती आणि तिची सासू अक्कम्मा, दोघीच. दोघी विधवा. अक्कलकोटकडचं गाव सोडून आलेली अक्कम्मा गिरणीच्या दारात भाकरी विकायची. भाकरी खाता खाता एका फिटरनं तिला सांगितलं, की यंत्रात हातपाय गेला तर मालकानं भरपाई द्यावी असा कायदा सरकारनं केलाय, आता तीन-चार वर्षं झाली. अक्कम्मानं टोपली तिथंच शेजारणीच्या हवाली केली आणि विचारत विचारत शिवयोगी वकिलांचं घर गाठलं.

वकील तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. अंगठ्याचं सांगताना अक्कम्माचा आवाज खाली गेला. पण वकील म्हणाले, "आजी, असला अंगठा हा कायदा मानत नाही. मजुरानं हक्क सोडला म्हणून लिहून दिलं, तरी हक्क सुटत नाही."

अक्कम्मानं त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. तिच्या उभ्या जन्मात दिलेला अंगठा कधी परत आला नव्हता. जमीन गेली होती ती अंगठ्यानंच.

वकिलांनी दावा लावला, पण अडचण वेगळीच होती. कामगारानं संरक्षणाचं झाकण जाणूनबुजून काढलं असेल, तर मालक सुटतो, हेही कायद्यात होतं. आणि गिरणीचं म्हणणं तेच होतं, की सफाईसाठी निंगव्वानंच झाकण काढलं. ते आधीपासून मोडकं होतं हे सांगायला साक्षीदार हवा. वकील दारोदार फिरले. बायका त्यांना पाणी देत, निंगव्वाची चौकशी करत, आणि झाकणाचा विषय निघाला की आत जात. कोर्टाची पायरी चढेल तिनं पुन्हा गिरणीत येऊ नये, असं मॅनेजरनं बजावलं होतं. त्यातच कळलं, की केराबाई गिरणीच्या बाजूनं साक्ष देणार. निंगव्वाला धागा सांधायला तिनंच शिकवलं होतं. त्या दिवशी निंगव्वा जेवली नाही. अक्कम्माला ती म्हणाली, सोडून देऊ.

अक्कम्मानं सोडलं नाही. सुनावणीच्या दिवशी सकाळी ती गिरणीच्या दारात उभी राहिली आणि रिळखात्याच्या प्रत्येक बाईला तेवढंच सांगत राहिली, "तुमी बोलू नका. नुसतं येऊन बघा की."

जज्जसाहेबांनी अंगठ्याचा कागद वाचला आणि याला कायद्यात किंमत नाही म्हणून बाजूला ठेवला. गिरणीच्या वकिलांनी मग केराबाईला उभं केलं. त्यांनी विचारलं, त्या सकाळी यंत्रावर झाकण होतं ना?

केराबाईची नजर निंगव्वाकडे गेली. निंगव्वा थोटा हात पदराखाली धरून खाली बघत बसली होती.

"न्हवतं, साहेब," केराबाई म्हणाली. "लई दिवसांपासनं न्हवतं. मीच जाऊन मॅनेजरसाहेबास्नी सांगितलं. ते म्हणाले, माल अडलाय, चालू द्या. मग मीच हिला तितं उभी केली. आज खोटं बोलले तर माझं काम टिकंल. पर उद्या त्याच यंत्रावर दुसरी पोर मलाच उभी करायची हाय."

गिरणीच्या वकिलांचा चेहरा उतरला. आपलाच साक्षीदार फुटला, असं म्हणून ते सावरू लागले. एका बाईच्या शब्दावर कसा विश्वास ठेवायचा, असंही म्हणाले. तेव्हा दाराशी हालचाल झाली. कोर्टाचा व्हरांडा बायकांनी भरला होता. त्यातली दाक्षायणी, लग्न होऊन नुकतीच कामाला लागलेली, पुढं आली.

"मी बी सांगते, साहेब. झाकण न्हवतं."

तिच्यामागून फुलाबाई आली. मग आणखी एक, मग तिची बहीण. पट्टेवाला अडवेना. शिवयोगी वकिलांनी त्यांची साक्ष घ्यायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. प्रत्येकीनं आपापल्या तोंडानं तेच सांगितलं, शेवटी जज्जसाहेबच पुरे म्हणाले. मॅनेजर खुर्चीत बसून बघत होता. कुणाकुणाला काढणार? सगळं रिळखातंच समोर उभं होतं.

निकाल इंग्रजीत झाला. वकिलांनी तो मराठीत सांगितला: निंगव्वानं झाकण काढलं नाही, दोष गिरणीचा, भरपाई गिरणीनं कोर्टात भरायची आणि कोर्टातूनच ती निंगव्वाला मिळायची. अक्कम्मानं सुनेला जवळ घेतलं. तिच्या तोंडून आपसूक कानडी आलं, "गेद्वी, निंगव्वा. गेद्वी." जिंकलो. व्हरांड्यातून हसण्यारडण्याचा एकच आवाज उठला.

दुसऱ्या दिवशी दारवानानं केराबाईला अडवलं. बायका बाहेरच बसून राहिल्या. सूर्य डोक्यावर आला, रिळं गप्प, तेव्हा तिला आत घेतलं. पुढच्या आठवड्यात प्रत्येक यंत्राला नवं झाकण बसलं.

भरपाईतून निंगव्वानं गिरणीजवळ खानावळीसाठी जागा घेतली. उघडायच्या दिवशी अक्कम्मानं मोठ्या पातेल्यात गूळ घालून गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, रांधली, आणि सगळं रिळखातं पंगतीला बसलं. निंगव्वा डाव्या हातानं वाढत होती. केराबाईच्या पानाशी ती थांबली, तेव्हा केराबाईला मान वर करवेना.

"मीच तुला तितं उभी केली, निंगे," ती म्हणाली.

"आन् कोर्टात माझ्या बाजूनं उभी कोण ऱ्हायली?" निंगव्वानं विचारलं, आणि नको नको म्हणत असताना तिच्या पानावर आणखी दोन डाव हुग्गी घातली.