डोंगरातल्या म्हाताऱ्याची पाठ

कोलोरॅडोत, झाडांची हद्द संपते तिथल्या कुरणात, ब्रदर एल्डनपुढे जत्रा भरली होती. मधल्या गवतात पिवळी फुलं, आणि झाडून सगळ्या फुलांची तोंडं ब्रदरकडे. लोक टोप्या काढून उभे.

"मी नाही बोलावलं यांना," ब्रदर लाजल्यासारखं करत म्हणाला. "ही फुलं माणूस ओळखतात. यांच्या पाकळ्यांचा चहा घ्या आणि त्या सुया फेका."

म्हाताऱ्या वर्नानं कालपासून इन्शुलिन सोडलं होतं. घशाला कोरड, बाटलीमागून बाटली पाणी चाललेलं. औषधाची पिशवी घेऊन मागे आलेली लेक जोलीन म्हणाली, "आई, सूर्यफुलाची जात आहे ही. उन्हाकडे वळते."

ब्रदरचे कान तिखट. "ऊन तर आता तुझ्या पाठीवर आहे, पोरी. मग फुलं का नाही वळली?"

लोक हसले.

"झालं समाधान? चारचौघांत शोभा केलीस," वर्ना म्हणाली.

न बघताच बोलली होती जोलीन. आता ती गुडघ्यांवर बसली. देठावर, पानांवर पांढरी लोकर, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. अरे, हे फूल तर 'डोंगरातला म्हातारा'! धुक्यात वाट चुकली की बचाव पथकातली माणसं याच्याकडे बघून दिशा ठरवतात. वादळवारा येतो पश्चिमेकडून. हा तिकडे पाठ फिरवतो आणि जन्मभर पूर्वेकडे बघतो. ब्रदरनं खुर्ची पूर्वेलाच मांडली होती. मागे कनात, बाजूला दोरी. इथलं गवत तुडवलं तर वर्षानुवर्षं उगवत नाही, म्हणून इथली माणसं दोरी ओलांडत नाहीत. चांगल्या सवयीचाच फास केला होता भामट्यानं.

"आई, पायवाटेनं वळसा घालून कनातीमागे चल. नंतर हव्या तेवढ्या शिव्या दे."

"देवाची परीक्षा घेऊ नये, ताई," ब्रदर घाईनं म्हणाला.

"देवाची नाही, कनातीची घेतेय."

वर्ना कुरकुरत, धापा टाकत लेकीमागून गेली. कनातीमागेही तीच फुलं, तितकीच पिवळी. सगळी ब्रदरकडे पाठ करून बसलेली.

"एल्डन, ही मागची का रे रुसली तुझ्यावर?" वर्नानं तिथूनच ओरडून विचारलं.

"त्यांची... त्यांची श्रद्धा अजून कच्ची आहे."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. वर्ना हसली नाही. तिनं लेकीपुढे हात केला. "पिशवी दे. आणि इथून सरळ दवाखान्यात ने मला."

फुलाला ना ब्रदर ठाऊक, ना देव. त्याला वारा ठाऊक आहे. कुणी चमत्कार दाखवला तर तो बसवेल तिथे बसू नका, लोकहो. उठा, मागे जाऊन बघा. दोरी बांधली असेल तर वळसा घाला, पण जा.