मांडूचा बलून आणि अर्धा तास

गिरिजाला एकदा बलूनमध्ये बसायचं होतं. इंदूरला तुकोगंजच्या एका दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स म्हणून उभ्यानं काढल्यावर बाकीच्या बायका रिटायर होऊन गुडघे बदलून घेतात. हिनं आकाश मागितलं. मुलानं, पंचशीलनं, मांडूच्या बलून महोत्सवाचं तिकीट काढून दिलं. शेवटच्या दिवसाचं मिळालं, सकाळी सहाला हजर राहायचं. एकच तिकीट, कारण तिच्या नवऱ्यानं, भाऊरावांनी, आधीच हात जोडले होते.

"वीज मंडळात तीस साल खांबावर चढलो मी," ते म्हणाले, "पण खांब होता न खाली! याच्या खाली काय आहे? काहीच नाही."

पण तिला घेऊन जायची हौस त्यांनाच जास्त. शाळेची एक जुनी मिनीबस त्यांनी घेतली होती आणि जुनी इंदूर भागातल्या सुताराकडून आत दोन बर्थ, एक ओटा आणि गॅसची जागा करून घेतली होती. नाव ठेवलं होतं 'चलतं घर'. शेजारच्या मनोरमाभाभी आत डोकावल्या. शेवेचे डबे, पोह्यांवर भुरभुरायचं जिरावण, लोणचं आणि दोन कुकर बघून म्हणाल्या, "भाऊरावजी, पूरा घर उचलून नेताय, तर मग जाताय कायको? इथंच बसा ना गाडीत."

घर म्हटलं की घरातलं घड्याळ आलंच. ते गिरिजाच्या सासऱ्यांचं, रत्नपाल यांचं. महूला फौजेत होते. वर्दी उतरली तरी शिस्त उतरली नाही. भिंतीवरचं घड्याळ कायम अर्धा तास पुढे. ते गेले, घड्याळ तसंच पुढे राहिलं. घरातला प्रत्येक जण त्याच्याकडे बघायचा आणि पापणी लवते तितक्या सहज अर्धा तास वजा करायचा. पाहुणे मात्र दचकून लवकर उठायचे, हा वरचा फायदा. भाऊरावांनी ते घड्याळ कौतुकानं गाडीत टांगलं होतं.

तर दोघं आदल्या दुपारी निघाली. बेटम्याला चहा, धारला परत चहा, आणि मांडूच्या अलीकडे सहा-सात किलोमीटरवर एका ढाब्याच्या अंगणात गाडी लावून झोपली. सकाळी गिरिजाला जाग आली तेव्हा घड्याळात साडेपाच. म्हणजे पाच. तिनं आरामात केस विंचरले, खास ठेवलेली निळी साडी नेसली, पोहे भिजवले, त्यात घालायची बडीशेप काढली. भाऊरावांनी एक डोळा उघडून घड्याळ पाहिलं, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि म्हणाले, "सोप जरा जास्त टाक. टाइम आहे."

मैदानावर पोचली तेव्हा सगळे बलून आभाळात होते. खाली दवात चाकांचे माग आणि ताडपत्र्या गुंडाळणारी माणसं.

"साडेसहा झाले, आंटीजी," गेटवरचा माणूस म्हणाला. "दुसरा राउंड नाही होणार. हवा वाढतेय. आणि आज लास्ट डे."

गिरिजानं पर्समधून मोबाइल काढला. मग गाडीत जाऊन घड्याळ बघितलं. दोन्हींत एकच वेळ. तिनं सावकाश मान वळवली.

"मीच बरोबर लावलं," भाऊराव पुटपुटले. "निघायच्या दिवशी. म्हटलं, जन्मभर वजाबाकी केली हिनं, सुट्टीत तरी नको. आणि सकाळी... मीच विसरलो न यार."

गिरिजानं मोबाइल पर्समध्ये टाकला. माणसानं प्रेमापोटी माती खाल्ली तर बायकोनं भांडायचं तरी कुठून?

"चला परत," ती म्हणाली.

गाडी परतीच्या रस्त्याला लागली. पोहे झाकलेलेच राहिले. त्यांचं नाव काढायची भाऊरावांची छाती होईना. गिरिजा खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि म्हणून तिलाच आधी दिसलं. झाडांच्या शेंड्यांखाली उतरलेला एक लाल-पिवळा बलून.

"थांबवा! अहो, थांबवा!"

बलूनची टोपली गव्हाच्या शेतात, अरुंद बांधावर टेकली होती. आत पायलट आणि एक नवं जोडपं. त्यातली मुलगी भीतीनं पांढरी पडलेली. खाली एक म्हातारा शेतकरी दोन्ही हात पसरून ओरडत होता, "म्हारा गऊँ! म्हारा गऊँ पे मत पाड़जो!"

"अहो, बांधावरून चला, गव्हात पाय नको!" गिरिजा नवऱ्यावर ओरडली.

ते ऐकून पायलट वळला. "मराठी? सुटलो! मी निखिल, पुण्याचा. काकू, मदत करा. इथं कापड पाडलं तर यांचा गहू झोपेल. मला फक्त रस्त्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात जायचंय. पण हे दोघं आत्ताच उतरतो म्हणतायत, आणि वजन कमी झालं तर बलून बाणासारखा वर जाईल. कुणीतरी आत पाहिजे."

भाऊराव एक पाऊल मागे सरले. निखिलनं गिरिजाकडे पाहिलं, मग त्या काडीसारख्या जोडप्याकडे.

"राग मानू नका, काकू. दोघांच्या जागी तुम्ही एकट्या पुरेशा आहात."

"राग कसला? हे इतक्या आनंदानं पहिल्यांदाच बोललं कुणी."

तिनं पदर खोचला. टोपलीला पाय ठेवायला भोकं होती. मागून भाऊराव जन्मभराच्या अनुभवानं सांगत होते, "उजवा पाय! आता डावा! जोर हातावर नको!" ती आत पडली, मग एकेक करून जोडपं उतरलं. वर जाळ भसकन पेटला, तिची टाळू गरम झाली, आणि गहू आवाज न करता खाली सरकला.

"तिकडं इलेव्हन केव्हीची लाइन आहे, भिया!" भाऊराव खालून बोंबलले. "डावीकडे घ्या!"

"अंकल, याला स्टिअरिंग नसतं!" निखिल ओरडला. "काकू, तारा ओलांडायच्या तर बरंच वर जावं लागेल. चालेल?"

"विचारता काय!"

जाळ पुन्हा पेटला. तारा खाली गेल्या, चिंचेचे शेंडे खाली गेले. हरभऱ्याचे हिरवे तुकडे, दरीत साचलेलं दूध वाटावं असं धुकं, लांब मांडूचे घुमट, आणि रस्त्यावर काडेपेटीएवढं चलतं घर, हॉर्न वाजवत मागे येणारं. खिडकीतून एक हात बाहेर आला होता आणि सारखा हलत होता. गिरिजा मोठ्यानं हसली. मग तिच्या लक्षात आलं की मघापासून ती हसतेच आहे.

"गॅस किती उरलाय?" तिनं विचारलं.

"दहा-बारा मिनिटांचा. पण ते बघा, आलंच आपलं मैदान. उतरू या."

गिरिजा काठावरून वाकली. नव्या डॉक्टरांना चौतीस वर्षं ज्या आवाजात इंजेक्शनची जागा दाखवली, त्याच आवाजात म्हणाली, "हे नको. खड्डे आहेत. पुढचं बघा."

निखिलनं खाली पाहिलं. मैदान पाटासारखं सपाट होतं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि वरची कडी ओढून जाळ पुन्हा पेटवला.