उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह

मी एक जुना व्हॉल्व्ह आहे, मित्रांनो. सध्या पाणीपुरवठा खात्याच्या आवारात भंगारात पडलो आहे. रस्त्याखाली होतो तेव्हाही कुणी विचारत नव्हते, त्यामुळे फारसे काही बिघडले नाही.

कारखान्यात माझे आटे उलटे पाडले गेले. इतर व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की बंद होतात, मी डावीकडे. हे फक्त आमच्या चावीवाल्याला ठाऊक होते. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो यायचा, झाकण उघडायचा आणि मला अलगद फिरवायचा. जीव लावला त्याने मला, खोटे कशाला बोलू? पण हाताखाली कुणी शिकायला दिला, की त्याला तो पलीकडे गाड्या थांबवायला उभा करायचा. त्याची मुलगी डबा घेऊन आली की ऐटीत म्हणायचा, "माझ्यावाचून यांचं पान हलत नाही." खात्याच्या साहेबांनाही ते सोयीचेच होते. "ते आहेत ना? मग आपल्याला कशाला डोकेदुखी?"

निवृत्तीच्या दिवशी तो गुच्छ घेऊन माझ्यापाशी आला. साहेबांनी काही विचारले नव्हते, यानेही सांगितले नव्हते. "गरज पडली की येतील दारात," एवढेच पुटपुटला.

गरज पडली ती मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा. नवी माणसे धावत आली आणि मला उजवीकडे फिरवू लागली. मी आधीच पुरता उघडा होतो, आणखी कुठे फिरणार? "गंजलाय, लावा जोर," म्हणत त्यांनी चावीला पाइप अडकवला आणि तिघे त्याला लोंबकळले. माझा दांडा मोडला. टाकीवरून पाणी बंद होईपर्यंत उताराची गल्ली कमरेपर्यंत भरली. चावीवाल्याच्या मुलीचे शिवणकामाचे दुकान त्याच गल्लीत होते.

तो सपाता घालूनच धावत आला. "अरे, उलटा आहे तो. डावीकडे फिरवायचा."

मुलगी लोकांचे भिजलेले कपडे गोळा करत होती. तिने मान वर केली. "बाबा, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

तो सपातांतले पाणी झटकू लागला. शेजारी उभे असलेले साहेब फोन काढून पाठमोरे झाले. मला दोघांचाही राग आला, अजून येतो.

मित्रांनो, आपल्याला येते ते वेळेवर दुसऱ्याच्या हाती द्या, आणि कुणी देत नसेल तर मागून घ्या. माझे काय, मी मोडीत निघालो. पण माझ्याच साच्यातले दोन भाऊ अजून रस्त्याखाली आहेत, आणि तेही डावीकडेच बंद होतात. ते कुठे आहेत हे ठाऊक असलेला चावीवाला आता कुणाशी बोलत नाही. आणि माझ्या जागी नवा व्हॉल्व्ह बसला म्हणून साहेब निश्चिंत आहेत.